माधवीसाठी काचेची बाटली

कर्जत
गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

सौ. सुंदराताई यांना द्वारकाचा स. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचे कारण एकच आहे. आज सकाळी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले, तेव्हा आपल्या सईच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या अनुपमने मला विचारले, की तुमची नात बाटलीने दूध प्यायला लागली का. ती पीत नाही हेच मला ठाऊक नव्हते. सई वीस जानेवारीला कामावर परत येणार, हेही त्याच्याच तोंडून कळले. सगळे ठीक आहे असे त्याला सांगून मी बाहेर पडले. तीस वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवले, खोटे बोलायची सवय नाही. म्हणून हे लिहायला बसले.

फोन का केला नाही ते तुम्ही ओळखले असेल. सई माझा फोन घेते, बरी आहे म्हणते आणि ठेवते. तुमचा फोन दिवसभर आबाजीरावांच्या पंक्चरच्या दुकानात असतो, आणि ट्रकवाल्यांसमोर हा विषय नको. जावई दर गुरुवारी इथल्या हॉटेलांचे फ्रीज दुरुस्त करायला कर्जतला येतात. संध्याकाळी त्यांच्याच हाती देते.

सोबत बाटली पाठवली आहे. काचेचीच घेतली. प्लॅस्टिकला ब्रशने ओरखडे पडतात आणि दूध त्यात बसून राहते. स्टीलमध्ये किती प्यायली ते दिसत नाही. बाजारात तीन प्रकारच्या मिळाल्या. तिन्हींच्या खोक्यांवर उष्णता सोसणारी काच असे छापले होते. छापलेल्यावर माझा विश्वास नाही, म्हणून पातेल्यात सूर्यफुलाचे तेल ओतून एकेक बाटली त्यात बुडवली. अशी खरी काच या तेलात दिसेनाशी होते, कारण प्रकाश दोन्हींतून जवळपास सारखाच वळतो. साधी काच दिसत राहते. दोन बाटल्या काठांसकट स्पष्ट दिसल्या. तिसरी नाहीशी झाली, फक्त तिच्यावरचे लाल आकडे तेलात उभे राहिले. तीच पाठवली आहे. साबणाने तीनदा धुतली आहे. तेल गाळून भाजीला घेतले.

दूध फ्रीजमध्ये ठेवले तर साधी काच गरम पाण्यात तडकते, ही तडकणार नाही. तरीही उकळताना पातेल्याच्या तळाला फडके घालावे. दहा मिनिटे पुरेत.

माधवी कशी आहे ते दोन ओळींत कळवा. आता पालथी पडत असेल. बारशाला आले तेव्हा पाळण्याला झोका देऊन निघाले. कुंची डोळ्यांवर आली होती, चेहरा पुरता पाहता आला नाही.

लोभ मागावा इतका आपला परिचय नाही. आहे तेवढा राहू द्यावा.

आपली विहीण,
द्वारका


कुंभिवली
रविवार, २२ डिसेंबर

द्वारकाबाई विहीनबाई यांना सुंदराचा नमस्कार.

लिवनारी आमची हर्षला हाय. मी बोलते तशीच लिव म्हनून सांगितलंय, कालेजची भाषा लावू नको. (वहिनीच्या आईंना माझाही नमस्कार. मी फक्त हात आहे. – हर्षला)

बाटली पोचली. कुनी दिली म्हनून सईनं प्रवीणला विचारलं, तर त्यो वर पंख्याकडं बघाय लागला. मंग मीच सांगितलं, तुज्या आईनं धाडली. जराशानं उठून तिनंच ती पान्यात उकळली, तळाला फडकं घालून. तुमचं पत्र तिनं वाचलेलं नाय, तरी फडकं घातलं. कुनी शिकवलं आसंल ते तुमी बघा.

दुसऱ्या दिशी सईनं दूध काढून त्यात भरलं अन् माधवीच्या तोंडाला लावलं. पोरीनं रबरी बूच जिबंनं भायेर ढकललं अन् अशी वरडली, का आमचं म्हातारं दुकानातनं हातात पाना घिऊन पळत आलं. मंग हर्षलानं बघितलं, मी बघितलं. सई तिथंच उभी. पोर आईकडं बघती अन् तोंड मिटून घेती. आंगावर मातर अशी पिती, का दोन्ही गालांला खळ्या पडतात.

तेलात बुडवून मी बी बघितली. आमचं तेल शेंगदान्याचं, त्यात जराशी दिसली. तुमची खोटी नाय, तेलाचाच फरक आसंल.

पालथी पडती. उजव्या अंगावरनं पडती, मंग हात आडकतो अन् कुनी तरी काढा म्हनून बघत बसती. कपाळ तुमचं हाय. आठी बी तुमचीच. नाव हर्षलानं आत्या म्हनून कानात सांगितलं, पर निवडलं सईनं. तिच्या बाबांचं मधू, म्हनून हिचं माधवी. तुमाला वाटलं आसंल आमी पंचांगातनं काढलं.

आता येक विचारते, राग मानू नका. बँक तुमच्या घरापास्नं दहा मिंटं, अन् पोर ठिवायची वीस किलोमीटरवर. पयलं बाळंतपन माहेरी म्हनून जूनात ती तुमच्याकडं आली, अन् नवव्या दिशी पिशवी घिऊन परत. मी विचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. तुमी सांगाल तर आयकीन.

वालाच्या शेंगा धाडल्यात, वाडीतल्या हायेत. येकटीनं मडक्यात पोपटी लावू नका, आमच्या संगं लावा कधी.

माया आमच्या घरात मोप हाय, तुमी न्यायला या.

सुंदरा


कर्जत
गुरुवार, २६ डिसेंबर

सौ. सुंदराताई यांना स. न. वि. वि.

शेंगा मिळाल्या. एकटीसाठी जास्त होत्या, शेजारी दिल्या.

सोबत दुसरी बाटली. काच तीच, पण आखूड आणि रुंद तोंडाची, आणि बूच मऊ आहे. पहिल्या बुचाचे भोक मोठे असावे असा माझा अंदाज आहे. बाटली उलटी धरून थेंब मोजावेत. सेकंदाला एक पडला तर बरोबर. धार लागली तर मूल घाबरते. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहावे, गरमही लागू नये आणि गारही.

तुम्ही विचारलेत, तर सांगते. सई आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिचे वेळापत्रक लावले होते. किती चालायचे, केव्हा झोपायचे. पाण्याचे पेले मोजायला खडूने रेघा मारल्या होत्या, पेला प्यायली की एक पुसायची. ती पुसत होती. कंटाळत होती हे दिसत होते, पण डॉक्टरांनी सांगितलेलेच मी लिहिले होते. आठव्या रात्री जेवताना तिने विचारले, की ती जन्मली तेव्हा मी किती दिवस घरी होते. मी सांगितले, बेचाळीस. तिने ताट उचलले आणि उठली. सकाळी निघाली.

माझी नेमणूक तेव्हा तात्पुरती होती. रजा नव्हती. हजर झाले नसते तर जागा गेली असती, आणि सईच्या बाबांचे दुकान नुकतेच बंद पडले होते. कारण खरे आहे. पण तिने कारण विचारले नव्हते. तिला सोडून जाताना मला काय वाटले ते ती विचारत होती, हे मला जेवताना कळले नाही. नंतर कळले, तेव्हा ताट पुसून झाले होते आणि ती खोलीत गेली होती.

नावाबद्दल तुम्ही लिहिलेत ते बरे केलेत. मी ते पत्र कपाटात ठेवले आहे.

बाटलीचा अनुभव आकड्यांत कळवावा. माया तुमच्याकडे जास्त आहे म्हणता, तर थोडी माझ्या खात्यावर धरा.

आपली,
द्वारका


कुंभिवली
रविवार, ५ जानेवारी २०२५

विहीनबाईंना सुंदराचा नमस्कार.

आकड्यांत सांगते. नवीन बाटली, दहा दिस, रोज दोनदा. प्याली शून्य. सांडलं सगळं. थेंब मोजले, सेकंदाला येकच पडतो. मनगटावर बघितलं. बाटलीत खोट नाय.

आता पंधरा दिस ऱ्हायले. सई रातभर जागी अन् दिवसा गप. परवा तिची उशी उनात टाकाया घेतली, तर खाली कागद. हर्षलानं वाचला. नोकरीचा राजीनामा लिवून ठिवलाय, तारीख तेवढी घातली नाय. मी कागद होता तसा ठिवला. प्रवीण म्हनतो, तिला सोडायची तर सोडू दे, माजं भागतंय. पर मला ठाव हाय, सोडली तर ती पोरीला कायी बोलनार नाय, सोताला बोलंल. जल्मभर. परीक्षा देऊन लागलेली नोकरी हाय ती. मी सातवीतनं शाळा सोडली, धाकटं भावंड सांभाळाया. म्हनून म्हनते.

तर बाटल्या आता बस. तुमी मला येकच सांगा. तुमची सई बेचाळीस दिसांची असताना बाटलीला लागली ना? पोर जगली, वाढली, बँकेत गेली. मंग कशी लागली? कुनी लावली?

हर्षला म्हनती लई खडं बोललीस. मी म्हनलं लिव.

रागावलात तरी आपल्याच मानसावर रागावा.

सुंदरा


कर्जत
गुरुवार, ९ जानेवारी

सौ. सुंदराताई यांना स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. एकोणतीस वर्षांत मी तो कधी विचारला नाही. संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या आणि मूल झोपलेले असायचे. ते कसे झाले हे पाहायला मी नव्हते. चंद्राबाई होती. ती सईला सांभाळायची.

मंगळवारी रिक्षा करून कोंडाणे गावी गेले. चंद्राबाई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मुलाच्या अंगणात वाल सोलत बसली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण रिक्षावाल्याशी बोलले तो आवाज ऐकून तिने ओळखले, आणि सुनेला बाईंसाठी खुर्ची आणायला सांगितली. मी खाली बसले.

मी त्या घरात कोणत्या तोंडाने गेले ते आता लिहिते. सई अकरा महिन्यांची असताना माझी एक आकाशी साडी सापडेना. मी चंद्राबाईची पिशवी दारातच उलटी केली. तिच्या कडेवर सई होती. पिशवीतून भाकरी, मिसरीची डबी आणि सईसाठी शिवलेले एक टोपडे पडले. साडी नव्हती. तरीही उद्यापासून येऊ नको, असे मी तिला सांगितले.

ती साडी त्या वेळी आमच्याच घरात, पाळण्यातल्या गादीच्या खाली होती. पाळणा मी पुढे गादीसकट देऊन टाकला, म्हणून हे मला परवा तिच्याकडूनच कळले. पहिल्या दिवशी सई बाटलीला तोंड लावेना. दुपारपर्यंत रडून निळी पडली. तेव्हा चंद्राबाईने धुण्याच्या बादलीतून मी आदल्या दिवशी नेसलेली साडी काढली, स्वतःच्या खांद्यावरून घेतली, सईला तिच्यात गुंडाळले आणि अंगणात नेऊन तिचे तोंड बाहेरच्या बाजूला करून बसली. सई प्यायली. त्यानंतर रोज ती माझी उतरवलेली साडी वापरायची आणि मी येण्याआधी बादलीत टाकायची. आकाशी साडी दुधाने खराब झाली, म्हणून तिने ती गादीखाली ठेवून दिली होती. तेव्हाच का नाही सांगितलेस, असे मी विचारले. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, तुम्ही पिशवी उलटी केलीत, असे ती म्हणाली. रागाने नाही. वाल सोलता सोलता.

बाटली काचेची की आणखी कसली हे पोराला कळत नाही, असेही ती म्हणाली. मी तीन आठवडे काच तपासत होते.

अजून एक गोष्ट. सई पहिल्यांदा हसली ती तारीख मी एका वहीत लिहून ठेवली आहे. रविवार होता, मी घरी होते. चंद्राबाई म्हणाली, त्याच्या आधी दहा दिवस ती रोज दुपारी हसत होती. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही. मी तिच्या पाया पडले. तिला दिसले नाही. सून म्हणाली, आई, बाई पाया पडतात. तेव्हा तिने चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि केस किती पातळ झाले, एवढेच म्हणाली.

आता कृती. सईने दोन दिवस अंगात घातलेला गाऊन धुऊ नये, त्यात तिच्या अंगाचा वास राहतो. दूध पाजताना सई घरात नको, आळीतही नको. पाजणारीने तो गाऊन खांद्यावर घ्यावा, बाळाचे तोंड बाहेर ठेवून बसावे. पहिल्या दिवशी दोन घोट गेले तरी पुष्कळ. कोणती बाटली घ्यायची ते तुम्ही ठरवा.

हे पत्र सईला वाचायला द्या. पूर्ण द्या. मी तिला समोर बसून सांगू शकेन असे वाटत नाही. बोलायला लागले की माझा आवाज वर्गातला होतो. राजीनामा देऊ नको असेही मी तिला सांगणार नाही. तो तिने ठरवायचा.

आणि एक मागणे आहे. वीस तारखेपासून बँकेच्या वेळात माधवी माझ्याकडे राहावी अशी माझी इच्छा आहे. पाच महिने रोज आहे. कुंभिवलीच्या फाट्यावरून दोनदा परत फिरले आहे, कारण विचारायला गेले असते आणि हुकूम देऊन आले असते. दुपारच्या सुट्टीत सईला घरी येऊन अंगावर पाजता येईल. भिंतीवर काही लावणार नाही. मी अजून त्या मुलीला हातात घेतलेले नाही. तुम्ही तिला पाच महिने वाढवलेत, तुमच्याकडून मागताना संकोच वाटतो. नाही म्हणालात, तर बाटल्या तेवढ्या ठेवून घ्या.

तुमचा लोभ मला हवा आहे. या वेळी मागून घेते.

आपली,
द्वारका


कुंभिवली
बुधवार, १५ जानेवारी

विहीनबाईंना सुंदराचा नमस्कार. काल संक्रांत झाली, तिळगूळ प्रवीणसंगं धाडलाय.

पत्र सईला दिलं. तिनं भिंतीला टेकून वाचलं, मंग परत पयल्यापास्नं वाचलं. मी मुद्दाम भाकऱ्या थापीत बसले. चंद्राबाईला किती दिसतं, म्हनून तिनं विचारलं. मी म्हनलं, लिवलंय तेवढंच मला ठाव. मंग उठली अन् अंगातला गाऊन बदलला अन् माज्या हातात दिला.

शुक्रवारी ती म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. ट्रकवाले म्हनाले, आबाजी, दुकानाला मॅनेजर ठिवली का. मी गाऊन खांद्यावर घिऊन पोरीला मागच्या दारी घिऊन बसले, तोंड वाडीकडं. बाटली आखूडवाली. माधवीनं बूच चघळलं, माज्याकडं बघितलं नाय, कोंबड्यांकडं बघितलं. दोन घोट गेले. शनवारी तीस मिली. रविवारी लाल आकडा साठ. मी सईला बोलवाया दुकानात सोता पळत गेले, पायात चप्पल नव्हती. ती बाटली हातात घिऊन उजेडाकडं धरून बघत ऱ्हायली, किती कमी झालं ते.

राजीनाम्याच्या कागदामागं आता तिनं पोरीच्या दुधाच्या वेळा लिवायला घेतल्यात. रेघा मारून, रकाने पाडून. तुमाला सांगते, तुमी भिंतीवर नका लावू, ती सोताच घिऊन येनार हाय.

सोमवारी कर्जतवरनं जाता यील का, म्हनून तिनंच प्रवीणला विचारलं. तुमचं नाव घेतलं नाय. प्रवीण शाना हाय, त्यानं बी घेतलं नाय. पर तुमच्या घराला दारात गाडी वळवाया जागा हाय का म्हनून तो मला विचारत व्हता.

पोर जानार म्हनून मला काय व्हतंय ते सांगत नाय. हर्षला रडाया लागली तर लिवनार कोन. रोज दुपारी हितं मागच्या दारी कोंबड्या येतील अन् मी. शनवार-रविवार मातर पोर माजी, ते आताच ठरवून घ्या.

पोचली की पोच धाडा. यादी करून, तुमच्या पद्धतीनं. मी वाचून घीन.

तुमचीच आता,
सुंदरा


कर्जत
सोमवार, २० जानेवारी २०२५
सकाळी ९.३०

ती. आईंना सईचा नमस्कार.

पोच मी लिहितेय. माझी आई सांगतेय आणि मी लिहितेय. बँकेत दहाला पोचायचंय, म्हणून थोडक्यात.

काचेच्या बाटल्या – दोन. लांब एक, आखूड एक.
बुचं – चार. त्यातलं एक चावलेलं.
काढलेलं दूध – दोनशे दहा मिली, बर्फाच्या डब्यात.
माझा गाऊन – एक. तुम्ही घडी घातली होती, ती आईने मोडली.
लंगोट नऊ, दुपटी चार, झबली तीन.
दुधाच्या वेळांचा कागद – एक.
माधवी – पाच महिने अठरा दिवस, वजन सहा किलो आठशे, जागी. सव्वानऊला दारातच दिली.

देणार – सई.
घेणार – द्वारका. सही राहिली आहे. पेन दोनदा पुढे केलं. दोन्ही हात गुंतले आहेत, म्हणते.